सिंगापूरची सहल आणि घरची जमाखर्चाची वही

पूर्वीं सुटींत मुलांना कोठें न्यावयाचें, हा प्रश्न गोंदियासारख्या गांवांत फारसा पडत नसे. आजोळ ठरलेलें असे. फार झालें तर नवेगावबांधचा तलाव, नागझिऱ्याचें अरण्य, नाहीं तर रामटेक. आणि ज्या वर्षीं धानाचें पीक बरें येई, त्या वर्षीं वडील मंडळींबरोबर काशी किंवा पंढरपूर. आतां पांचवी-सहावींतलें पोर सुटी लागण्याच्या आधींच विचारतें, "आजोबा, आपण सिंगापूरला केव्हां जायचें?" त्याच्या वर्गांतलें कोणी तरी जाऊन आलेलें असतें, आणि तेथल्या अजस्र पाळण्यांचीं व अंधाऱ्या गुहांतून धांवणाऱ्या गाड्यांचीं चित्रें त्यानें साऱ्या वर्गाला दाखविलेलीं असतात. "मोठा झालास कीं स्वतःच्या पैशानें जा," हें उत्तर तयारच आहे, आणि तें वाईटहि नाहीं. आमच्या घरीं मात्र तें दिलें गेलें नाहीं. वही घेऊन बसल्यावर असें दिसून आलें कीं, ही गोष्ट आमच्यासारख्या पगारदार व पेन्शनर घराच्या आवांक्याबाहेरची नाहीं. परंतु ती आवांक्यांत आणावयाची, तर पैशापेक्षां अवघड असे कांहीं प्रश्न आधीं सोडवावे लागतात. त्या प्रश्नांचा व त्या हिशेबाचा हा वृत्तांत, अशाच विचारांत असलेल्या कुटुंबांच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें देत आहें.

ज्यांना हल्लीं 'थीम पार्क' म्हणतात, तीं क्रीडोद्यानें म्हणजे नुसत्या जत्रा नव्हेत. जत्रेंत पाळणा, मौतका कुवा आणि रेवड्यांचें दुकान हीं शेजारीं शेजारीं असतात, पण त्यांचा एकमेकांशीं संबंध नसतो. येथें एखादी कथा किंवा चित्रपट घेऊन त्याभोंवतीं रस्ते, घरें, पोषाख, संगीत आणि खेळ असें सगळें एक नगरच उभें केलेलें असतें. आंत शिरणारा मनुष्य प्रेक्षक न राहतां त्या कथेंतलें एक पात्र होतो. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरांतील तिवोली उद्यान १८४३ मध्यें उघडलें, तें ह्या कुळाच्या पूर्वजांपैकीं एक. वॉल्ट डिस्ने ह्यांनीं कॅलिफोर्नियांत १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड सुरू केलें आणि ह्या प्रकाराला आजचें रूप आलें. पुढें १९८३ मध्यें टोकियो, १९९२ मध्यें पॅरिस, २००५ मध्यें हाँगकाँग व २०१६ मध्यें शांघाय येथें त्याच्या शाखा निघाल्या. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज २०१० पासून लोकांसाठीं खुलें आहे.

आपल्याकडेहि खोपोलीजवळ २०१३ मध्यें असें एक उद्यान निघालें. "मग तेथेंच कां जाऊं नये?" असें आमच्या एका स्नेह्यांनीं विचारलें. प्रश्न योग्य आहे. माझें मत असें कीं, परदेशीं जाण्याच्या आधीं अशा एखाद्या जवळच्या ठिकाणीं एक दिवस घालवून यावें. कोणाला गरगरतें, कोण अंधाराला भितें, कोण दोन तास रांगेंत उभें राहूं शकतें, हें पांचशें-हजार रुपयांत कळतें. आमच्या थोरल्या सूनबाईंना फिरत्या पाळण्यावर मळमळतें, हा शोध आम्हांस नागपूरच्या वाटेवरच लागला, तो बरा झाला.

आतां जावयाचें कोठें? टोकियो लांब, आणि विमानाचें भाडें घराचें कंबरडें मोडणारें. तो विचार एका संध्याकाळींच संपला. अबूधाबी मुंबईहून जवळ. तेथें २०१० पासून फेरारी मोटारगाड्यांच्या नांवाचें छताखालचें उद्यान आहे. पण गोंदियाच्या वैशाखांतून निघून अरबस्तानच्या वैशाखांत जाण्याची कल्पना घरांतील स्त्रियांना मानवली नाहीं. हाँगकाँगवर मात्र पुष्कळ चर्चा झाली. भारतीय नागरिकांना चौदा दिवसांपर्यंत तेथें व्हिसा लागत नाहीं. आधीं संगणकावर नांव नोंदवावें लागतें, आणि त्या नोंदणीस शुल्क नाहीं. तेथल्या डिस्नेलँडमध्यें वृद्धांचें तिकीट प्रौढांच्या सुमारें सहाव्या हिश्शाइतकें स्वस्त असतें, हेंहि एक आकर्षण. परंतु हाँगकाँगचा उन्हाळा व पावसाळा वादळांचा. तेथली हवा निवळते ती ऑक्टोबरअखेर, म्हणजे ऐन दिवाळींत. आणि त्याच सुमारास आमच्या जिल्ह्यांत धानाची कापणी येते. आमची थोडी शेती ठेक्यानें दिलेली असली, तरी कापणी-मळणीच्या दिवसांत घरचें कोणी बांधीवर फिरकलें नाहीं, तर धानाचा हिशेब काय होतो, हें ह्या भागांतील वाचकांस सांगावयास नको. म्हणून हाँगकाँग गळलें व सिंगापूर राहिलें.

आणि येथें भूगोलानें आम्हांस एक अनपेक्षित मदत केली. विदर्भांतून परदेशीं जावयाचें म्हणजे मुंबईस जावयाचें, असें आम्ही सर्वजण गृहीत धरून चाललों होतों. वस्तुतः मुंबई-हावडा लोहमार्ग नागपूरवरून १९६८ किलोमीटर. त्यांपैकीं मुंबई ते नागपूर ८३७, आणि नागपूर ते गोंदिया सुमारें १३०. म्हणजे आमचें गांव त्या मार्गाच्या जवळजवळ मध्यावर बसलें आहे. मुंबई जितकी दूर, तितकेंच कोलकाता. संध्याकाळच्या गाडींत बसलें कीं दुसऱ्या दिवशीं हावड्यास. तेथून सिंगापूरला सरळ विमान चार-सव्वाचार तासांत पोंचतें. मुंबईहून साडेपांच तास लागतात. आम्हीं पाहिलेल्या तारखांना कोलकात्याहून भाडेंहि माणशीं तीन-चार हजारांनीं कमी होतें. आठ माणसांत ही रक्कम लहान नव्हे. (आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्यें अमेरिकेस निघाल्या, त्याहि कलकत्त्याच्याच बंदरांतून. निघण्यापूर्वीं श्रीरामपूरच्या सभेंत उभें राहून, आपण कां जात आहोंत हें त्या अठरा वर्षांच्या मुलीला लोकांस समजावून सांगावें लागलें होतें. आमच्या नातीपुढें सध्यां प्रश्न आहे तो विमानांत खिडकीजवळ कोणी बसावयाचें, एवढाच.)

महिना ठरवितांना तीन पंचांगें पाहावीं लागलीं : शाळेचें, शेताचें आणि सिंगापूरचें. सिंगापूर विषुववृत्तालगत आहे. तेथें उन्हाळा-हिंवाळा असा भेद नाहीं, पाऊस बाराहि महिने केव्हांहि पडतो, नोव्हेंबर ते जानेवारी जरा अधिक. हवेपेक्षां तेथल्या शाळांच्या सुट्यांकडे पाहणें महत्त्वाचें. मेअखेरीपासून जूनअखेरीपर्यंत त्यांना सुटी, आणि त्या महिन्यांत सेंटोसावर मुंगी शिरावयास जागा नसते. आमच्या विदर्भांतल्या शाळा उन्हामुळें इतर महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळें आम्हांला जूनचा तिसरा आठवडाहि मोकळा होता, आणि त्या वेळीं विमानभाडें उतरलेलें असतें. पण तेव्हां तिकडे गर्दी, आणि इकडे धानाचे परे टाकण्याची घाई. म्हणून मे महिन्याचा पहिला पंधरवडा ठरला. १ मेची कामगारदिनाची आणि वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास येणारी 'वेसाक'ची सुटी टाळावयाची, शनिवार-रविवार टाळावयाचे, आणि उद्यान मंगळवारीं किंवा बुधवारीं पाहावयाचें.

आतां हिशेब. प्रवासी आठ : आमचें कुटुंब, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडें. खालचे आंकडे आमच्या अंदाजाचे आहेत. सिंगापुरी डॉलर सत्तर रुपये धरला आहे. भाव व विनिमयाचा दर रोज हलतो, तेव्हां वाचकांनीं आपापल्या वेळीं ते पुन्हा तपासावे.

कोलकाता-सिंगापूर विमान जाऊन-येऊन माणशीं सत्तावीस हजार, म्हणजे २,१६,००० रुपये. गोंदिया-हावडा आगगाडी तिसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यानें सातजणांची जातां-येतां २१,००० (पांच वर्षांखालच्या मुलास वेगळी जागा न घेतल्यास तिकीट पडत नाहीं, वृद्धांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद झाली). व्हिसाचें सरकारी शुल्क तीस सिंगापुरी डॉलर आणि त्यावर एजंटाची दलाली धरून आठांचे २४,०००. पासपोर्ट सर्वांचे नवे : प्रौढ चौघांचे प्रत्येकीं दीड हजार, साठीपलीकडच्यांस व आठ वर्षांखालच्यांस दहा टक्के सूट असल्यानें आमच्या कुटुंबाचे १,३५०, मोठ्या दोन मुलांचे हजार-हजार आणि लहानग्याचे ९००, एकूण १०,२५०. राहावयास चौघांच्या दोन खोल्या, चार रात्री, खोलीस दीडशें डॉलर प्रमाणें ८४,०००. उद्यानाचीं तिकिटें : प्रौढ चार, मुलें दोन, वृद्ध एक, लहानग्यास माफी, मिळून सुमारें ५१५ डॉलर, म्हणजे ३६,०५०. जेवणखाण व शहरांतला प्रवास पांच दिवसांचा ७०,०००. विमा ६,४००. कोलकात्यास जातां-येतां एकेक मुक्काम १२,०००. बेरीज ४,७९,७००. अडीअडचणीसाठीं त्यावर दहावा हिस्सा धरला, तर सव्वापांच लाखांच्या थोडी वर.

ह्या बेरजेकडे मी बराच वेळ पाहात राहिलों. ज्या उद्यानासाठीं हा सारा खटाटोप, त्याचें तिकीट एकंदर खर्चाच्या तेराव्या हिश्शाइतकेंहि नाहीं! बाकीचे बारा हिस्से तेथपर्यंत पोंचण्याचे, निजण्याचे व जेवण्याचे आहेत. तेव्हां काटकसर करावयाची ती दारावर नव्हे. 'आजी बाहेर बांकावर बसेल, तिचें तिकीट वांचवूं,' असली काटकसर मनालाहि लागते आणि वहींतहि दिसत नाहीं. रात्री कमी करा, गर्दीचा हंगाम टाळा, विमानाचें तिकीट चार-पांच महिने आधीं घ्या. लाखांची उलाढाल तेथें होते. मूळ बेतांत सिंगापूरबरोबर मलेशियाहि होता. तो काढला, तेव्हांच ही सहल शक्य झाली.

आतां त्या अवघड प्रश्नांकडे वळतों. बेरीज वाचून दाखविल्यावर धाकटा चिरंजीव शांतपणें म्हणाला, "नाना, यंदा दादा-वहिनींनीं मुलांना घेऊन जावें. आम्ही पुढें कधीं तरी जाऊं. बाळ अजून लहान आहे." बाळ लहान असल्याची सबब होती, हें घरांत सर्वांस कळलें. थोरला पुण्यास संगणकाच्या कंपनींत आहे. धाकटा येथेंच एका राईस मिलमध्यें हिशेबनीस आहे, आणि सूनबाई घरीं शिकवण्या घेतात. थोरला लगेच म्हणाला, "त्यांत काय? सगळा खर्च मी करतों." मुलगा दिलदार आहे ह्याचा मला आनंद झाला, पण ती सूचना मला पसंत पडली नाहीं. दुसऱ्याच्या खर्चानें गेलेलें जोडपें तेथें काय खावें, कोणत्या खेळांत बसावें, मुलाला फुगा घेऊन द्यावा कीं नाहीं, ह्या प्रत्येक वेळीं दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहतें. आणि परत आल्यावर तें पाहणें वर्षानुवर्षें चालतें. माणशीं सारखी वांटणी केली, तर धाकट्याचें घर दोन वर्षें मोडतें. कोणीच बोलेना. तेव्हां धाकट्या सूनबाईंनींच कोंडी फोडली. त्या म्हणाल्या, "मामंजी, आम्ही देऊं, पण आम्हांला झेपेल तेवढेंच देऊं. आणि तें आमचें म्हणून वहींत लिहिलें जावें."

त्या वाक्यावर सगळी व्यवस्था उभी राहिली. बँकेंत बावीस महिन्यांचें आवर्ती ठेवीचें खातें काढलें. महिना चोवीस हजार, म्हणजे बावीस महिन्यांत ५,२८,०००. व्याज येईल तें वर. थोरल्याचे पंधरा हजार, धाकट्याचे सहा, आणि माझ्या पेन्शनींतून तीन. वही धाकट्या सूनबाईंकडे. हप्त्यांचे आंकडे मुलांसमोर काढावयाचे नाहींत, पाहुण्यांसमोर तर नाहींच. आणि निर्णय घेतांना सर्वांचें मत सारख्या वजनाचें. कर्ज काढावयाचें नाहीं, हें पहिल्याच दिवशीं ठरलें. हल्लीं 'आधीं फिरून या, मग हप्त्यांनीं फेडा' अशा जाहिराती वर्तमानपत्रांच्या घडीघडींतून पडतात. घर, शिक्षण, औषधपाणी ह्यांसाठीं ऋण काढणें एक. पाळण्यांत बसण्यासाठीं काढणें दुसरें. माझ्या मातोश्रींच्या औषधपाण्यासाठीं ठेवलेल्या मुदतीच्या ठेवीला हात लावावयाचा नाहीं, हेंहि ठरलें. दुखण्या-बाणण्यानें एखाद्याचा हप्ता चुकला, तर सहल पुढें ढकलावयाची. माणूस वगळावयाचा नाहीं. आतांपर्यंत पंधरा हप्ते भरले गेले आहेत. मागील पावसाळ्यांत धाकट्याला दोन महिने पगार उशीरा मिळाला, तेव्हां सूनबाईंनीं शिकवणीच्या पैशांतून हप्ता भरला व वहींत आपल्या नांवानें स्वतंत्र ओळ घातली. ती ओळ मीं मुद्दाम तशीच ठेवली आहे.

दुसरा प्रश्न मातोश्रींचा. त्यांचें वय शहाऐंशी. त्यांना नेणें शक्य नाहीं, आणि एकटें ठेवणेंहि नाहीं. घरांत कोणी तरी मागें राहावयाचें म्हटलें, म्हणजे तें कोणी, हें बहुतेक घरांत न बोलतांच ठरलेलें असतें. आमचें कुटुंब म्हणालेंच, "अहो, मी राहतें. मला मेलीला काय करायचें आहे सिंगापूर?" चाळीस वर्षांत ही बाई काशीस गेली, तेथेंहि धर्मशाळेंत स्टोव्ह पेटवून दहाजणांचा स्वयंपाक केला, पंढरपुरास गेली, तेथेंहि तेंच. पोळपाटापासून पांच दिवस दूर राहण्याचा प्रसंग तिच्या आयुष्यांत आलेला नाहीं. म्हणून मी मागें राहणार, असें मीं जाहीर केलें. मला उंच पाळण्यांची हौस नाहीं, असें कारण दिलें. तें सर्वांशीं खरें नाहीं, पण चाललें. त्यावर तिचा प्रश्न : "तुम्हांला साधा चहा तरी करतां येतो का?" तेव्हांपासून दर रविवारीं माझी शिकवणी चालूं आहे. वरण-भात जमतो, मऊ खिचडी चांगली जमते, पोळीचा नकाशा अद्यापि भारताचा न होतां भलत्याच खंडाचा होतो. मातोश्रींच्या गोळ्यांचें वेळापत्रक भिंतीवर लावलें आहे. बालाघाटची लेक मधले दोन दिवस येऊन जाणार आहे. तिच्या गाडीभाड्याची रक्कमहि सहलीच्याच वहींत धरली, कारण मागें राहणाऱ्याचा खर्च हा सहलीचाच खर्च आहे. मातोश्रींना हें सर्व सांगितलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "बरें झालें. इतक्या वर्षांनीं माझा मुलगा मला जेवूं घालील."

मुलांच्या वयाचा विचार कित्येक लोक करीत नाहींत, आणि पुढें पस्तावतात. सिंगापूरच्या त्या उद्यानांत चार वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं, चार ते बारा ह्या वयास मुलाचें तिकीट, आणि तेराव्या वाढदिवसापासून प्रौढाचें. साठीपुढील माणसास पुन्हा सवलत. आमच्या नातीस ऑगस्टांत तेरावें पुरें होतें, आणि लहानगा जुलैंत चार वर्षांचा होतो. मे महिना ठरण्याचें हेंहि एक कारण. विमान कंपन्यांचे नियम वेगळे : दोन वर्षांवरील मुलास स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. वयाप्रमाणें उंचीचेंहि बंधन असतें. 'ममी'च्या गुहेंतल्या गाडीसाठीं १२२ सेंटिमीटर, आणि आकाशांत उलटी-सुलटी जाणाऱ्या दोन रुळगाड्यांसाठीं १२५. आमचा नऊ वर्षांचा नातू दसऱ्याला दाराच्या चौकटीशीं उभा केला, तो १२१ भरला! तेव्हांपासून तो न सांगतां दूध पितो व दर सोमवारीं पेन्सिल घेऊन चौकटीशीं येतो. त्या मोठ्या गाड्या ह्या वेळेस त्याला मिळणार नाहींत, हें आम्हीं त्याला येथेंच सांगून टाकलें. हजारों मैल जाऊन दारावरच्या पट्टीशीं रडण्यापेक्षां गोंदियास रडून घेतलेलें बरें.

कागदपत्रांविषयीं थोडें. पासपोर्ट हातीं येईपर्यंत विमानाचें तिकीट काढूं नये. नांवाचें स्पेलिंग आधारपत्रावर, शाळेच्या दाखल्यावर व विवाहाच्या दाखल्यावर तंतोतंत एक असावें. आमच्या पिढींतील स्त्रियांचीं माहेरचीं व सासरचीं अशीं दोन-दोन नांवें, आणि जुन्या शाळांतून सरसकट घातलेली १ जुलै ही जन्मतारीख, ह्या दोहोंनीं पुष्कळांना नागपूरच्या पासपोर्ट कचेरीच्या फेऱ्या घडविल्या आहेत. आमच्या कुटुंबाचें नांव जुळविण्यांत तीन महिने गेले. लहान मुलांच्या पासपोर्टाची मुदत पांचच वर्षें असते, आणि कोणाचाहि पासपोर्ट प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी चालूं असला पाहिजे. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत काढावा लागतो. पण तेथें उतरण्यापूर्वीं तीन दिवसांत जें आगमनपत्र संगणकावर भरावयाचें, तें सर्वस्वी मोफत आहे. येथल्या एका एजंटानें त्याच 'सेवे'चे माणशीं आठशें रुपये सांगितले. थोरल्यानें तें दहा मिनिटांत घरीं भरतां येतें, हें दाखविल्यावर त्यानें विषय बदलला.

सगळें बांधून देणाऱ्या कंपनीकडून 'पॅकेज' घ्यावें कीं नाहीं, ह्याबद्दल दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें आहे. इंग्रजी बोलणारें व नकाशा वाचणारें कोणी बरोबर नसेल, तर अवश्य घ्यावें. मात्र त्या रकमेवर सरकार उद्गमस्थानीं कर गोळा करतें. दर अंदाजपत्रकागणिक बदलतात. तो पैसा बुडत नाहीं, आयकराच्या विवरणपत्रांत वळता किंवा परत मिळतो. पण ज्याचें उत्पन्न करपात्र नाहीं, त्यालाहि परताव्यासाठीं विवरणपत्र भरावें लागतें, आणि तोंपर्यंत रक्कम अडकते. आम्ही विमान, खोल्या व उद्यान वेगवेगळें घेत आहोंत. परदेशांत क्रेडिट कार्ड वापरल्यास साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार बसतो, म्हणून आधींच डॉलर भरून ठेवलेलें कार्ड नेणार. दुकानदार "रुपयांत घेऊं का?" असें विचारील, त्यास नाहीं म्हणावें, त्या सोयींत त्याचा फायदा असतो.

खाण्याची चिंता आमच्यासारख्या शाकाहारी घरांत सर्वांत मोठी, आणि सिंगापुरांत ती सर्वांत कमी. तेथल्या सेरंगून रस्त्यावर 'लिटल इंडिया' नांवाचा भाग आहे. इडली-डोसा, पोळी-भाजी, सर्व मिळतें. तेथलें कोमल विलास हें शाकाहारी उपाहारगृह १९४७ पासून चालूं आहे. खोल्या त्याच भागांत घ्याव्या. तेथून भुयारी रेल्वेचा एकच मार्ग, डबा न बदलतां, हार्बरफ्रंट स्थानकास जातो, आणि तेथून सेंटोसा बेटावर छोट्या रेल्वेनें किंवा समुद्रावरच्या लांकडी वाटेनें पायीं जातां येतें. पायीं जाण्यास पैसे पडत नाहींत. नळाचें पाणी बिनधोक पितां येतें, तेव्हां बाटली बरोबर असली कीं पुरे.

बरोबर नेण्याच्या फराळाबाबत गृहिणींना एक महत्त्वाची सूचना. दशम्या, मेतकूट, चिवडा, बेसनाचे लाडू खुशाल न्यावे; अनारसे नेऊं नयेत. अनारशाला लावलेली खसखस सिंगापुरांत निषिद्ध मालांत मोडते, कारण ती अफूच्या झाडाची. आमच्या घरीं ही बातमी ऐकून प्रथम कोणाचाच विश्वास बसेना. तसाच आमच्या वैदर्भी मंडळींच्या जिवाभावाचा खर्रा. चघळण्याची तंबाखू तेथें आणण्यास बंदी आहे. च्युइंग गमची आयात १९९२ पासून बंद आहे. धाकट्या चिरंजीवानें पांच दिवस खर्रा सोडावयाचें कबूल केलें असून, 'मग सहावा दिवसहि तसाच जाऊं दे,' असा सूनबाईंचा प्रयत्न चालूं आहे.

उद्यानाला एकच दिवस ठेवला आहे. दार उघडण्याच्या अर्धा तास आधीं पोंचावयाचें, मोठे खेळ पहिल्या दोन तासांत उरकावयाचे, आणि दुपारीं उन्हांत बंद नाट्यगृहांतले कार्यक्रम पाहावयाचे. रांग चुकविण्याचा जादा पैशांचा परवाना मिळतो. मधल्या वारीं गेल्यास तो लागूं नये. बाकीच्या दिवसांत फुकट किंवा जवळजवळ फुकट पाहण्यासारखें इतकें आहे, कीं पैशाची थैली घरींच ठेवावी : १८५९ मध्यें स्थापन झालेलें व २०१५ मध्यें जागतिक वारशांत घेतलेलें वनस्पती-उद्यान, खाडीकांठच्या बागेंतल्या लोखंडी महावृक्षांवर रात्रीं चालणारा दिव्यांचा व संगीताचा खेळ, आणि विमानतळालगतच्या इमारतींत छतांतून कोसळणारा चाळीस मीटरांचा धबधबा. आमच्या कुटुंबास त्या वनस्पती-उद्यानांतले ऑर्किड पाहावयाचे आहेत. पाळण्यांविषयीं तिनें अजून कांहीं ठरविलेलें नाहीं; चपला मात्र नव्या, पट्ट्याच्या, घेऊन ठेवल्या आहेत आणि रोज संध्याकाळीं त्या घालून सिव्हिल लाईन्सपर्यंत फेरी मारून येते.

विमानाचीं तिकिटें ह्याच महिन्यांत निघतील. आगगाडीचें आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधीं खुलें होतें, पूर्वींसारखें एकशेंवीस दिवस आधीं नव्हे. आम्हांस ३ मे रोजीं निघावयाचें असल्यामुळें तो दिवस ४ मार्च येतो. त्या सकाळीं आठ वाजतां संगणकापुढें बसण्याचें काम धाकट्या सूनबाईंकडे आहे, आणि शेजारीं ओ.टी.पी. वाचून दाखवावयास मी.